हॉस्पिटलात घरचं माणूस गेलं आणि शंका आहे? ठाणे-नवी मुंबईत दाद मागायची ती अशी

आमचे बाबा पित्ताशयाच्या खड्यांच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वादही घातला. सहाव्या दिवशी ते गेले, वय ६३. हॉस्पिटल ठाण्यातलं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अपिलात आहे.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. कायद्याचं शिक्षण शून्य. जे शिकले ते चुका करत आणि हेलपाटे घालत शिकले. आता ओळखीपाळखीतून महिन्याला एखादा तरी फोन येतो, "ताई, आमच्याकडेपण असंच झालंय, काय करायचं?" प्रत्येकाला तेच सांगते, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

सुरुवातीलाच कटू वाटेल असं एक. माणूस गेला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं कायदा मानत नाही. दुसऱ्या डॉक्टरने वेगळे उपचार केले असते, एवढंही पुरत नाही. त्या शाखेच्या साधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केलंच असतं ते इथे केलं गेलं नाही, आणि त्यामुळे नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. "त्यांनी बाबांना मारलं" हे वाक्य मी पहिल्या मसुद्यात चार वेळा लिहिलं होतं. वकिलांनी चारही वेळा खोडलं आणि विचारलं, "किती वाजता काय करायला हवं होतं, ते सांगा." तुमची केस या प्रश्नाच्या उत्तरावर उभी राहते.

१. बॉडी ताब्यात घेण्याआधी

इथे आम्ही चुकलो. मृत्यू अनपेक्षित असेल आणि मनात शंका असेल, तर पोस्टमॉर्टेम मागा. हॉस्पिटल ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे लेखी अर्ज द्या. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो आणि बॉडी सरकारी रुग्णालयात पीएमसाठी, म्हणजे पोस्टमॉर्टेमसाठी, जाते. व्हिसेरा (शरीरातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला तर तो तपासणीला पाठवतात, त्याच्या रिपोर्टला महिने लागू शकतात. पीएम रिपोर्टची प्रत मिळेपर्यंत पोलीस ठाण्याचा पिच्छा सोडू नका.

आमच्याकडे मामा म्हणाले, "आता चिरफाड कशाला?" गावाकडची माणसं निघाली होती, आई शुद्धीवर नव्हती. मी गप्प बसले. पुढे हॉस्पिटलच्या वकिलांनी पहिलाच मुद्दा काढला की मृत्यूचं नेमकं कारण पीएमशिवाय सिद्ध कसं करणार? तो मुद्दा खोडायला आमची दोन वर्षं गेली. अंत्यसंस्कार झाले असतील तर केस संपली असं नाही, आमची उभी राहिलीच. पण कागदांवरचा भार दुप्पट होतो.

बिल बाकी आहे म्हणून बॉडी अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली ते स्पष्टच लिहिलं आहे. असं कोणी केलं तर वाद घालू नका, महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि पोलिसांना फोन करा.

आणि कितीही संताप आला तरी काच फोडू नका, कोणाच्या अंगावर जाऊ नका. २०१० च्या राज्याच्या कायद्याने डॉक्टर-हॉस्पिटलवरच्या हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, शिवाय मोडतोडीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने रिसेप्शनवरचा कॉम्प्युटर आपटला. त्याच्या बहिणीची तक्रार बाजूला राहिली आणि सगळं घर त्याच्या जामिनामागे लागलं.

२. केसपेपर पहिल्या आठवड्यात मागा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. तेराव्यापर्यंत थांबू नका.

डिस्चार्ज समरी किंवा डेथ समरी म्हणजे केसपेपर नव्हेत. समरी हे हॉस्पिटलने नंतर बसून लिहिलेलं सार असतं. तुम्हाला हवी ती पूर्ण इनडोअर फाईल. अर्जात प्रत्येक कागदाचं नाव लिहा, कारण नाव लिहिलं नाही तर तोच कागद नेमका "फाईलमध्ये नाही" म्हणतात:

- ॲडमिशनची नोंद आणि रोजच्या डॉक्टर नोट्स
- नर्सिंग नोट्स, टीपीआर-बीपी चार्ट (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब), लघवीच्या मोजमापाचा चार्ट
- औषधांचा चार्ट (कोणतं इंजेक्शन किती वाजता, कोणाच्या सहीने)
- ऑपरेशनची नोंद, भुलेची नोंद, भूल देण्यापूर्वीची तपासणी
- सगळी संमतीपत्रं
- आयसीयू चार्ट, दुसऱ्या तज्ज्ञांना बोलावल्याच्या नोंदी
- रक्ताचे सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी-सीटीच्या फिल्म किंवा सीडी
- मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र
- सविस्तर बिल आणि फार्मसीची प्रत्येक पावती

वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि इनडोअर रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचं असतं. अर्जात हे ७२ तास लिहाच. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर तिथूनच ई-मेल करा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा.

मला काय काय ऐकायला मिळालं ते सांगते, म्हणजे तुम्ही तयारीत राहाल. "एमआरडीच्या (म्हणजे रेकॉर्ड विभागाच्या) मॅडम सुट्टीवर आहेत." "फाईल टीपीएकडे (मेडिक्लेमचे कागद बघणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे) गेलीये." "पोलिसांचं पत्र आणा." "फक्त पेशंटलाच देतो." शेवटचं ऐकून मला हसू आलं, त्याची अजून लाज वाटते. वारसाला कागद मागता येतात. नात्याचा पुरावा आणि मृत्यू दाखला जोडा, बस्स.

मृत्यू दाखल्यावर कारण छापलेलं नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कारणाचं प्रमाणपत्र वेगळं. ते हॉस्पिटल निबंधकाला पाठवतं आणि जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असते.

मेडिक्लेम असेल तर टीपीए किंवा विमा कंपनीकडे गेलेल्या कागदांच्या प्रतीही मागा. त्या हॉस्पिटलमधून आधीच बाहेर पडलेल्या असतात. तुमच्या हातात आलेल्या फाईलशी एकेक पान ताडून बघा. नंतर घातलेली नोंद अशी सापडते.

सीसीटीव्हीसाठी वेगळं पत्र द्या: अमुक तारखेचं, अमुक मजल्यावरचं फुटेज जपून ठेवा. जुन्यावर नवं रेकॉर्डिंग होत जातं, म्हणून हे पत्र पहिल्या दोन-तीन दिवसांत गेलं पाहिजे. स्वतःच्या मोबाइलमधले आरएमओचे (वॉर्डातल्या ड्युटी डॉक्टरांचे) मेसेज, कॉलची यादी, वॉर्डात काढलेले फोटो यांतलं काहीही पुसू नका.

३. वेळेचा तक्ता करा

हे काम कोणत्याही वकिलाला देऊ नका. तो शेवटच्या दिवसांत त्या वॉर्डात नव्हता, तुम्ही होतात.

मी एक्सेलमध्ये पाच रकाने केले: तारीख-वेळ, काय घडलं, कोणत्या कागदावर आहे, पान नंबर, आणि आम्हाला काय आठवतं. ऑफिसात व्हाउचर टॅली करते तसंच. दहा रात्री लागल्या. नर्सचं अक्षर लागत नव्हतं तिथे शेजारच्या नर्सिंग करणाऱ्या मुलीला बसवलं.

चौथ्या रात्रीच्या नर्सिंग नोटमध्ये २ वाजता नाडी १२८, बीपी ९०/६० आणि लघवी कमी अशी नोंद होती. पुढे "डॉक्टर इन्फॉर्म्ड" एवढंच. कोणते डॉक्टर, किती वाजता, काहीच नाही. त्यानंतरची डॉक्टरची नोंद सकाळी ७.४० ची. आणि औषधांच्या चार्टवर मात्र नवीन अँटिबायोटिक रात्री २.३० ला दिल्याची सही.

आता फार्मसीच्या पावत्या बघा. त्यांवर वेळ छापलेली असते. ते इंजेक्शन आमच्या नावावर पहिल्यांदा निघालं सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी. रात्री कुठून आणलं? ग्राहक आयोगासमोर (आम्ही तक्रार केली ती तिथे, पुढे सांगते) हॉस्पिटलचं उत्तर होतं, वॉर्डातल्या साठ्यातून दिलं. मग साठ्याचं रजिस्टर मागितलं, ते आलं नाही. आमच्या केसला जो काही जोर आला तो त्या २४ रुपयांच्या सिरिंजसकट निघालेल्या पावतीमुळे. पावत्या फेकू नका. मळलेल्या, तेलकट झालेल्या, सगळ्या ठेवा. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून लगेच झेरॉक्स काढा.

४. बाहेरच्या डॉक्टरचं मत

फाईल आणि तक्ता घेऊन त्याच शाखेच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जा. शक्यतो ठाण्याबाहेरच्या. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, एकाच कॉन्फरन्सला जातात. लेखी द्यायला बहुतेक जण नाहीच म्हणतात, पण तोंडी बरंच सांगतात. मी तिघांकडे गेले. पुण्यातल्या एका सर्जनने तासभर फाईल वाचली आणि म्हणाले, "पित्त गळणं ही गुंतागुंत आहे, चूक नाही. तुमचा प्रश्न ती ओळखायला किती उशीर झाला हा आहे." या एका वाक्याने आमची तक्रार निम्मी झाली आणि दुप्पट मजबूत झाली. ऑपरेशन चुकलं, हा आरोप आम्ही काढूनच टाकला.

आणि तिघेही जर म्हणाले की यात काही गैर दिसत नाही, तर तेही ऐका. माझ्याकडे फोन केलेल्या दोघांनी असं ऐकून थांबायचं ठरवलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

लेखी मत मिळालं नाही म्हणून तक्रार अडत नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा अहवाल लागतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. तिथे मलेरियाच्या रुग्णावर टायफॉईडचे उपचार झाले होते. तरी गुंतागुंतीच्या केसमध्ये मत असलेलं बरं. आयोगाला अर्ज करून सरकारी रुग्णालयाच्या तज्ज्ञांचं मत मागवता येतं.

५. कोणत्या दारात जायचं

ग्राहक आयोग. भरपाई हवी असेल तर मुख्य रस्ता हा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. मुदत दोन वर्षं, साधारणपणे मृत्यूच्या तारखेपासून धरून चाला. हॉस्पिटलशी "बोलणी चालू आहेत" म्हणून मुदत थांबत नाही. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि दुःखात होतो हे पुरेसं होईलच असं नाही.

जिल्हा आयोगाची मर्यादा तुम्ही भरलेल्या पैशांवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही: ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य. म्हणजे जवळपास सगळ्या केसेस जिल्ह्यातच. फीही भरलेल्या रकमेवरच: ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००.

आता इथला घोळ. ठाण्याचा जिल्हा आयोग ठाण्यात, नवी मुंबईसाठीचा अतिरिक्त आयोग बेलापूरला कोकण भवनात. पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल? पत्त्यावर आपण सर्रास "नवी मुंबई" लिहितो, पोलीस आयुक्तालयही नवी मुंबईचंच. जिल्हा मात्र रायगड, आणि रायगडचा आयोग अलिबागला. कामोठ्याच्या एका काकूंनी बेलापूरला तीन चकरा मारल्यावर त्यांना हे कळलं. सुटका अशी की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही तक्रार करता येते. हॉस्पिटल पनवेलचं आणि तुम्ही राहता नौपाड्यात, तर ठाण्यातच दाखल करा.

मेडिकल कौन्सिल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देत नाही. तक्रार एका विशिष्ट डॉक्टरविरुद्ध असते, हॉस्पिटलविरुद्ध नाही. रात्रपाळीचे आरएमओ अनेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात, त्यांच्या परिषदा वेगळ्या. म्हणून आधी प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक काढा.

पोलीस. डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण फौजदारीत साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालामुळे पोलीस आधी सरकारी डॉक्टरांचा अभिप्राय मागवतात. "आधी एफआयआर, मग बाकीचं" या हट्टात लोक दोन वर्षं घालवतात आणि ग्राहक आयोगाची मुदत निघून जाते. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

महापालिका. खासगी हॉस्पिटलची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. मी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात नोंदणीची प्रत मागितली: मंजूर खाटा किती, आयसीयू दाखवलाय का, पूर्णवेळ डॉक्टर-नर्स किती. हा अर्ज करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि उत्तरात कधीकधी मोठा दारूगोळा सापडतो.

उपचार सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात पूर्ण मोफत झाले असतील, तर ग्राहक आयोग सहसा मिळत नाही. दहा-वीस रुपयांचा केसपेपर काढला म्हणजे पैसे भरले, असं धरत नाहीत. तिथे दिवाणी दावा, उच्च न्यायालय किंवा राज्य मानवी हक्क आयोग हे मार्ग. सरकार आणि महापालिकेविरुद्धच्या दाव्याआधी नोटीस लागते आणि मुदतीचं गणित वेगळं असतं, तेव्हा वकिलाला पहिल्याच महिन्यात भेटा.

६. तक्रार लिहिणं आणि दाखल करणं

वकील सक्तीचा नाही. पण वैद्यकीय केसमध्ये मी घ्या म्हणेन, आणि याआधी वैद्यकीय केस चालवलेलाच घ्या. परवडत नसेल तर ठाणे न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आईच्या नावाने तक्रार असेल तर हे विसरू नका.

सगळे वारस तक्रारदार करा, नाहीतर बाकीच्यांची संमतीपत्रं जोडा. सामनेवाल्यांत (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांत) हॉस्पिटल चालवणारी कंपनी किंवा ट्रस्ट (बोर्डावरचं नाव नाही, बिलावरचं कायदेशीर नाव) आणि संबंधित डॉक्टर. वॉर्डबॉयपासून मालकापर्यंत अकरा जण घातले तर अकरा नोटिसा बजावायच्या आणि अकरा उत्तरांची वाट बघायची.

भरपाईचा आकडा हिशेबाने काढा: उपचाराचा खर्च, घरात येणारं उत्पन्न, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च. २०१३ साली कोलकात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ कोटी ९६ लाख आणि त्यावर व्याज दिलं, तेव्हापासून कोणीही उठून पाच कोटी लिहितो. त्या आकड्यामागे मृत व्यक्तीच्या परदेशातल्या उत्पन्नाचा हिशेब आणि नवऱ्याची पंधरा वर्षांची झुंज होती.

सोबत लागेल: मृत्यू दाखला, वारसांचे आधार आणि नात्याचा पुरावा, केसपेपर पान नंबर टाकून, बिलं-पावत्या, पत्रव्यवहार पोचपावत्यांसह, वेळेचा तक्ता, तज्ज्ञाचं मत असल्यास, उत्पन्नाचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र. ऑनलाइन दाखल करायचं तर आता ई-जागृती पोर्टल आहे. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं करा. माझी पन्नास पानं आडवी गेली म्हणून परत आली होती. काही अडलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

७. तारखा

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस, आणखी १५ दिवस वाढवून मिळतात, त्यापुढे नाही. तो दिवस मोजून ठेवा आणि उशीर झाला तर लेखी हरकत घ्या. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. आम्हाला तीन वर्षं सात महिने लागले.

मधेच मध्यस्थीचा प्रस्ताव येऊ शकतो, किंवा हॉस्पिटलचा माणूस घरी. आमच्याकडे आला होता, सोबत कोऱ्या जागा असलेला स्टॅम्पपेपर आणि "कोणतीही तक्रार नाही" असं छापलेलं. आईला वाटलं मेडिक्लेमचं काही असेल, चष्मा शोधायला आत गेली, तेवढ्यात मी कामावरून आले. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, आधीच बजावून ठेवा: सही काहीही असो, आधी फोन.

निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. बाजूने लागला तरी हॉस्पिटल अपिलात जाऊ शकतं. त्यांना मात्र निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आमचं तसंच झालंय. उशिराचा मुद्दा मान्य झाला, मागितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी भरपाई मंजूर झाली, आणि आता मुंबईला पुढची तारीख आहे. मूळ फाईल मी घरी ठेवते, वकिलांकडे झेरॉक्स. फार्मसीच्या त्या पावतीवरची शाई आता जवळपास उडाली आहे, पण पहिल्याच आठवड्यात काढलेली तिची झेरॉक्स स्वच्छ वाचता येते.